जिवाचं बोट

"आण ती मापाची काठी इकडे," म्हणत मेन लास्त्रा म्हातारीने गेंद्रा सुताराच्या हातातून बांबू काढूनच घेतला. "एवढ्याशा बांबूला पंधरवडा लावलास. तेवढ्यात तुझ्या बायकोनं अख्खं देऊळ बांधलं असतं."

एरवी गेंद्रा उलटून बोलला असता. आज त्याने नुसता हातावरचा भुसा झटकला.

अंगणात फणसाचे खांब रचून ठेवले होते. पिवळाधमक गाभा, एक गाठ नाही. झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा राहायला हवा, म्हणून बुंध्याकडच्या टोकाला चुन्याची खूण. संध्याकाळ झाली की त्या रचलेल्या लाकडांतून टक् टक् आवाज येई. कुणीतरी लाकूड तासायच्या वाकसाच्या दांड्याने ते ठोकून पारखावं तसा. सून सार्नी दचके.

"लाकूड सुकतंय," सासू फटकारी. "सुतारांच्या घरात आलीस, एवढंही कळेना?"

पण सार्नी आत गेली की म्हातारी स्वतःच लाकडांकडे तोंड करून हळूच विचारी, "आलास का रे?"

लास्त्रा तिचा थोरला, सार्नीचा नवरा. गाव तिला त्याच्याच नावाने हाक मारी, मेन लास्त्रा, लास्त्राची आई. ज्या साली रात्री ट्रक येऊन माणसं उचलून नेत, त्या साली तो नाहीसा झाला. जावा बेटावर पळालाय, ती सांगे. गाव मान हलवी. दहनाचं नाव कुणी काढलं तर ती अंगावर जाई. जित्याचं कसलं दहन? आता तर तिने त्याच्यासाठी घर बांधायला काढलं होतं.

घर धन्याच्या अंगावर मापतात. त्याची वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी, त्याचा हात, त्याची मूठ बांबूवर खुणेने घ्यायची आणि त्याच काठीने खांब-तुळया कापायच्या. आणि दर मापाला एक बोट वाढवून धरायचं. ते जिवाचं बोट. त्याच्यावाचून घर श्वास घेत नाही.

माप द्यायला धनीच नाही, तर काठी कशी करायची? गेंद्राच म्हणाला होता, "माप माझ्या लक्षात आहे, मेमे. एकाच करवतीची दोन टोकं ओढलीत आम्ही." लहानपणापासून तो तिला लास्त्रासारखंच मेमे, आई, म्हणायचा.

नुसत्या शब्दावर विसंबणारी ती नव्हती. तिने घरातून लास्त्राचा वाकस आणला. त्याचा दांडा त्याने स्वतःच्या हाताएवढा केला होता, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. तो तिने काठीवरच्या हाताच्या खुणेशी लावला.

दोन्ही टोकं तंतोतंत जुळली.

"अगं बाई, अगदी त्यांचाच हात!" सार्नी म्हणाली.

म्हातारीने दांड्याच्या टोकापुढे आपलं बोट टेकवलं. खूण बोटाच्या अलीकडेच संपली होती.

"गेंद्रा, बोट राहिलं."

तो पायाखालचा भुसा गोळा करू लागला.

"माझ्या नवऱ्याचा मार खाऊन शिकलास तू. झोपेतसुद्धा तू बोट विसरायचा नाहीस."

"विसरलो नाही, मेमे. रोज खूण करायला बसायचो. हात पुढे सरकेना."

तिचा आवाज एकदम खाली आला. "कुठंय?"

"नदीच्या वळणाला, बांबूच्या बेटाखाली. फावडं त्या ट्रकवाल्यांनी माझ्याच हातात दिलं होतं. सगळ्यांना मिळून एकच खड्डा खण म्हणाले. ते लवंगेच्या सिगारेटी ओढत बसले, तेवढ्यात लास्त्रासाठी मी वेगळा खणला. त्याच्या मापाचा. रीतीप्रमाणे डोकं डोंगराकडे ठेवलं, मेमे."

लाकडांतून टक् झालं. कुणीही दचकलं नाही.

वाकस मांडीवर घेऊन म्हातारी बराच वेळ दांडा चोळत राहिली. शेवटी गेंद्राने काठीसाठी हात पुढे केला.

"द्या मेमे, मोडून टाकतो. बोट धरून नवी करतो."

तिने काठी छातीशी धरली.

"खांब उभे करू नकोस. याच लाकडाची त्याच्या हाडांसाठी दहनाची पेटी कर," ती म्हणाली. "आणि काठीला हात लावू नकोस. माप बरोबर आहे."