आधी मी, आधी मी!

मुलांनो, जरा कल्पना करा, की गोदामातल्या खोक्यांना बोलता येतं.

बुटीबोरीच्या गोदामात शिकाऊ म्हणून मैना उईकेचा तो पहिलाच दिवस होता. खोकी रोजच्यासारखी ओरडत होती, "आधी मी, आधी मी!" सर्पदंशावरच्या औषधाचं खोकं तर रडकुंडीला आलं होतं. भामरागडच्या दवाखान्यात साप चावलेली एक मुलगी त्याची वाट पाहत होती. मैनाने ते उडत्या गाडीत सगळ्यांत आधी चढवलं, मग बाकीची खोकी भरली.

चालक रज्जाकचाचांनी आत डोकावून कपाळाला हात लावला.

"काय केलं वो माय! गाडीला दार एकच. आधी चढतं ते शेवटी उतरतं. भामरागड तर पहिला थांबा! आता सगळं काढून पुन्हा भरायचं म्हणजे तास गेला."

मैनाचा चेहरा उतरला. पण ती रडत बसली नाही. खोक्यांकडे वळून तिने विचारलं, "संध्याकाळच्या गाडीने कोण जाईल?"

ओरडायचं विसरून खोकी एकमेकांकडे पाहू लागली. असं त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"आम्ही थांबू," शाळेची पुस्तकं म्हणाली.

"आम्हीही," चपला म्हणाल्या.

"आम्ही नाही हं, आम्ही सडू!" संत्री ओरडली.

"काय डोकं चालवलं पोरीनं!" म्हणत चाचांनी बाह्या सरसावल्या. पुस्तकं आणि चपला खाली उतरल्या, मधे वाट मोकळी झाली, औषध दाराशी आलं आणि गाडी उडाली.

मैना मागे राहिलेल्या खोक्यांजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आता सांगा, संध्याकाळच्या गाडीतून सगळ्यांत शेवटी कुणाला उतरायचंय?"