डावी बाही

सुटलेली मेंढी कोंडवाड्यात आहे असं कळताच यमुताई नवऱ्याचा हात धरून तिथं पोचल्या.

"तुमचीच कशावरून?" कारकून म्हणाला. "सकाळपासून दोघं जण आपली म्हणून मांगून राहिले."

"भाऊ, मी घरीच विणते. लागन तेवढीच लोकर कातरते," यमुताई म्हणाल्या. मग नवऱ्याकडं वळल्या. "अहो, कोट काढा."

केशवरावांनी मुकाट्यानं कोट काढला. आतल्या काळ्या स्वेटरला उजवी बाही होती, डावी नव्हती.

कारकुनानं मेंढीकडं पाहिलं. तिचं उजवं अंग साफ कातरलेलं होतं, डाव्या अंगावर लोकर तशीच होती.

त्यानं दार उघडलं आणि वहीत लिहिलं, 'डावी बाही, एक नग, जिवंत. मालकाला परत.'