दोन मिनिटांची सवड

तिसऱ्या फेरीत सॉ डे वा कोसळला आणि पंचाने दोन मिनिटांची सवड जाहीर केली. तेवढ्यात गडी शुद्धीवर आला तर लढत पुढे चालू, नाहीतर हार. लेथवेत, या ब्रह्मदेशी मुष्टियुद्धात, हातमोजे नसतात, पण एवढी सवड असते.

सात वर्षांचा अजिंक्यवीर आडवा झालेला पाहून करेन लोकांची नववर्षाची जत्रा चिडीचूप झाली. त्याच्याशी लढणारा मंडालेचा पोरगा स्वतःच्या मुठीकडे बघत राहिला.

डे वाचा शर्ट मांडीवर धरून बसलेल्या त्याच्या बायकोने, नॉ मू पावने, आपल्या भावाकडे पाहिलं. भाऊ एह डो हाच नवऱ्याचा लढतीतला मदतनीस. उठवायचं काम त्याचं.

पावसाळ्यापासून डे वा पोटच्या मुलीचं नाव विसरू लागला होता. डोक्याला आणखी मार नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण जत्रेतलं आव्हान नाकारलं तर गावात तोंड दाखवायची सोय उरत नाही. काल तिने भावाला गाठलं होतं.

"ते पडले तर उठवू नकोस."

"ताई, दाजींना कळलं तर मला कच्चा खातील."

आता तो दाजींच्या गालांवर हलक्या हाताने थापट्या मारत होता.

"चापट मारतोयस की बायकांसारखा गालाला तनाखाचा लेप लावतोयस?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "कान चाव त्याचा, म्हणजे उठेल!"

एह डोने कान चावल्यासारखं केलं. डे वाच्या पापण्या हलल्या नाहीत. दोन मिनिटं संपली आणि पंचाने मंडालेच्या पोराचा हात वर केला.

मू पावला इतकं सुटल्यासारखं वाटलं की तिला रडू फुटलं. मागोमाग लाजही वाटली. ज्या नावासाठी त्याने हाडं मोडून घेतली, ते तिने परस्पर घालवलं होतं.

दुपारी घरी तो पेजेचा वाडगा घेऊन बसला. मुलीला नावाने हाक मारून त्याने मीठ मागितलं. मू पावला राहवेना.

"मीच सांगितलं होतं एह डोला. तुम्हाला उठवू नकोस म्हणून."

तो पेजेत मीठ ढवळत राहिला.

"रागावलात?"

"तरीच," तो म्हणाला. "म्हटलं, याला आज झालंय काय. एक जरी जोरात हाणली असती, तर मला डोळे उघडावे लागले असते." त्याने वाडगा खाली ठेवला. "अगं, त्या पोराचा ठोसा मला लागलाच नव्हता."