झिमण

बेल वाजली तसं दीनानाथांनी पोस्टकार्ड उशीखाली सरकवलं आणि दार उघडलं.

दर रविवारसारखे वामनराव बोरी अरबहून बसने दारव्ह्याला आले होते. एका हातात तुरीच्या ओल्या शेंगा, दुसऱ्या हातात खाकी कव्हर घातलेली कादंबरी.

कादंबरीवर दोघांचाही जीव. प्रत मात्र एकच, आणि दुसरी कुठे मिळत नव्हती. तिच्यात नायिका गाव सोडताना हसून एकच शब्द बोलते, ‘झिमण’. लेखिकेने स्वतः घडवलेला शब्द. कोशात नाही, गूगललाही ठाऊक नाही. ज्याचा अर्थ खरा ठरेल त्याचं पुस्तक, तोवर आठवडा याच्याकडे, आठवडा त्याच्याकडे, असं ठरून सहा वर्षं झाली होती.

“कायमचा निरोप. दुसरं काय असणार?” दीनानाथ म्हणाले.

“काहून? ‘परत येते’ म्हनून राह्यली ते पोरगी. कायमचं जानारं मानूस हासते काय?”

“रडू लपवायला हसते, वामनराव.”

“तुमी तं ऐकूनच नाही राह्यले, दिनूभाऊ!”

वामनराव तावातावाने शेंगा सोलत होते. दीनानाथांना फार बरं वाटत होतं. बायको, शोभा, गेल्यापासून या घरात आवाज व्हायचा तो रविवारीच.

आणि उशीखाली लेखिकेचं उत्तर होतं. वामनरावांचंच बरोबर होतं. कार्ड दाखवलं की पुस्तक कायमचं बोरीला जाणार. मग हा माणूस दर रविवारी एसटीचे धक्के कशाला खाईल? दीनानाथांना स्वतःची लाज वाटली, पण कार्ड काही त्यांनी काढलं नाही.

“लेखिकाबाईचं उत्तर आलं काय?” निघताना वामनरावांनी विचारलं.

“छे. वय झालं त्यांचं.”

“राहू द्या. आपल्याले कायची घाई हाय?” पुस्तक हातात देत ते म्हणाले, “कव्हर फाटलं हाय, पन तुमी हात नका लावू. मीच घालतो नवं.”

ते गेल्यावर दीनानाथांना चैन पडेना. एवढं खोटं बोललो, निदान कव्हर तरी आपण घालावं. त्यांनी कात्री घेतली आणि जुना खाकी कागद सोडवला.

आतून एक पोस्टकार्ड पडलं. तेच वळणदार अक्षर, पत्ता वामनरावांचा. ‘तुमचं बरोबर आहे. झिमण म्हणजे परत येते.’

वर तारीख होती, तीन वर्षांपूर्वीची. शोभाच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवसाची.