पार्बताचं उत्तर

पालथ्या वाटीवर दोघांची बोटं टेकली, तरी खुशालराव काही विचारेनात. गोदाबाई थांबून राहिली. पाटावर तिनं खडूनं अक्षरं लिहिली होती, एका कोपऱ्यात 'हो' आणि दुसऱ्या कोपऱ्यात 'नाही'. अमरावतीत गोदाबाईचं प्लँचेट चांगलंच नावाजलेलं. लोक येत, आपल्या गेलेल्या माणसांशी बोलत आणि डोळे पुसत घरी जात.

वाटी गोदाबाईच सरकवी, हे कोणाला ठाऊक नव्हतं. तिचे यजमान, मास्तर, गेले तेव्हा तिनं त्यांच्यासाठी महिनाभर पाट मांडला होता. वाटी तसूभर हलली नाही. पुढं शेजारीण लेकासाठी रडत आली, तेव्हा गोदाबाईला राहवलं नाही, तिनं बोटानं हळूच रेटा दिला. मग सवयच लागली. निदान घरात माणसांचा आवाज तरी येई. आणि मेलेल्यांचं एक बरं असतं, ते खोटं पाडायला येत नाहीत.

खुशालराव अकोल्याचे, रेल्वेत कारकून. दर रविवारी येत. "माह्या बायकोशी, पार्बताशी बोलाचं हाये," एवढंच पहिल्या दिवशी म्हणाले होते. ती कधी गेली, कशानं गेली, गोदाबाईनं विचारलं नाही. उगाच कशाला खपली काढा?

सहा रविवार त्यांनी किरकोळच विचारलं. जेवली का, थंडी वाजते का, गुडघा दुखतो का. गोदाबाई अक्षर अक्षर जुळवून मन लावून उत्तरं देई. खरं तर ती सगळी तिचीच उत्तरं होती. मास्तर गेल्यापासून तिला असं कोणी काही विचारलंच नव्हतं. शनिवारपासूनच तिला त्यांच्या येण्याची ओढ लागे.

आज मात्र खुशालरावांनी खालमानेनं विचारलं, "तुही माय वलगावले अखेरच्या घटका मोजत होती, अन् म्या तुले जाऊ देलं नाही. माफ करशीन का?"

गोदाबाईनं वाटी सरळ 'हो'वर नेली.

खुशालराव पाटावर डोकं टेकून रडले. चहालाही न थांबता निघून गेले.

त्यानंतर ते आलेच नाहीत. एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मेलेल्या बाईच्या नावानं आपण खोटी माफी दिली, हे गोदाबाईला खाऊ लागलं. चौथ्या रविवारी तिनं बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. सगळं कबूल करायला चालले, असं तिनं स्वतःला बजावलं. खरं म्हणजे तिला करमत नव्हतं.

विचारत विचारत ती घरी पोचली. दार उघडणाऱ्या बाईच्या कपाळाला ठसठशीत कुंकू होतं. बहीण असेल, असं गोदाबाईला वाटलं. खुशालराव बाजारात गेले होते. बाईनं पाणी दिलं, कुठून आल्या म्हणून विचारलं. अमरावतीचं नाव ऐकताच ती समोर येऊन बसली.

"मंग तुमालेच माईत असन," ती म्हणाली. "मी पार्बता, त्यायची बायको. माही माय गेली तवापासून, बारा वर्सं झाले, मी त्यायच्याशी एक शब्द बोलली नाही. अन् मांगं अमरावतीहून आले, तवापासून मनून राहिले का, पार्बता, तुनं मले माफ केलं. कोनं सांगतलं त्यायले?"