स्वयंपाकघरातला पंखा

इलेक्ट्रिशियन स्टुलावर चढून स्वयंपाकघराच्या छताला हुक बसवत होता, तेवढ्यात नीलकंठराव हातातला पेपर तसाच घेऊन धावत आले.

"अगं, स्वयंपाकघरात कुणी पंखा लावतं का? बिल केवढं येईल!"

"गच्चीवर पॅनल तुम्हीच बसवलेत ना?" कुमुदताई पोळी लाटता लाटताच म्हणाल्या. "उन्हाची वीज होते, बिल नावापुरतं येतं, असं साऱ्या गल्लीला सांगत फिरता. मग घरात मलाच सांगायचं राहिलं का?"

लग्न होऊन आल्यापासून जळगावचा प्रत्येक उन्हाळा त्यांनी शेगडीपुढे घामानं निथळत काढला होता. पंखा मागितला की आधी सासूबाई आणि नंतर नीलकंठराव बिलाकडे बोट दाखवायचे. आज ते बोट दाखवायची सोय उरली नाही, तसं नीलकंठरावांनी दुसरं कारण काढलं.

"पंख्याच्या वाऱ्यानं गॅस विझतो!"

कुमुदताईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि ओट्यावरच्या नव्या इंडक्शन शेगडीवर लाटणं टेकवलं. "हिला ज्योतच नाही, तर विझणार काय? आणि हीसुद्धा तुमच्या पॅनलवरच चालते."

इलेक्ट्रिशियननं पंखा टांगून बटण दाबलं, तसा तो गरगर फिरू लागला. ज्या उन्हानं त्यांना जन्मभर भाजलं, तेच आता वारा घालत होतं.

नीलकंठराव त्या वाऱ्यात थोडे रेंगाळले. मग हळूच खुर्ची ओढत म्हणाले, "माझं ताट इथेच वाढ."

"तुमचं ताट हॉलमध्ये वाढलंय," तव्यावरची पोळी उलटत कुमुदताई म्हणाल्या. "तिथला पंखा तुमचा. हा माझा."