दोघांपुरतं सूप

सासूबाई गॅसच्या ज्योतीवर बकऱ्याचे पाय भाजत होत्या. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

नवऱ्याला शुगर निघाली आणि डॉक्टरांनी त्याची भाकरी, भात, सगळं बंद केलं. थंडीचे दिवस, म्हणून मी रोज काहीतरी गरमागरम रांधायची. अंड्याचा रस्सा, पालकातलं मटण, खिमा. पोट भरायचं त्याचं, पण जीव भाकरीतच. परवा "भाकरी टाक" म्हणून ओरडला. मी नाही म्हटलं, तर लाटण्यानं माझं मनगटच मोडलं.

"पायाचं सूप पी. मोडलेलं हाड लवकर जुळतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांची करंगळी कायमची वाकडी, सासऱ्यांची कृपा. "मी जन्मभर हेच पीत आले."

मोठा कुकर बघून मी म्हटलं, "आई, मला एकटीला एवढं?"

"दोघांना लागेल. त्यालाही चालतं हे, भाकरीशिवाय."

"पण त्यांचं कुठं हाड मोडलंय?"

त्यांनी कुकरचं झाकण लावलं, लसूण ठेचलेला लोखंडी बत्ता पदराला पुसला आणि नवरा घोरत होता त्या खोलीत जाऊन आतून कडी घातली.

पहिली शिट्टी आणि त्याची किंकाळी एकदमच ऐकू आली.

मी गॅस बारीक केला.